भट्टीपलीकडचा जाणता

भट्टी एकदा पेटली की उघडून बघायची नसते, हे कोळसेवाल्याच्या पोराला चालायला लागण्याआधी कळतं. आत लाकूड शिजतंय की नुसतं जळून चाललंय, ते धुराच्या रंगावरून ओळखायचं, मातीवर तळहात ठेवून ओळखायचं, फार तर नाकानं ओळखायचं. राहवत नाही म्हणून कुणी भोक मोठं करून डोकावलं, तर वारा आत शिरलाच म्हणून समजा, आणि वारा शिरला की सगळ्या मेहनतीची राख. दुसरा नियम असा की धुराला पाठ दाखवायची नाही. का, ते कुणी सांगत नाही. नाही दाखवायची म्हणजे नाही.

ठिणगी आणि घुम्या यांची हयात ह्या दोन नियमांत गेली होती. लोक तिला ठिणगी म्हणायचे ते तिच्या तोंडामुळं, आणि त्याला घुम्या म्हणायचे कारण त्याच्याकडून शब्द काढायचा म्हणजे वाळूतून तेल काढायचं काम. मोडक्या पत्र्याची खोपी, दोन भट्ट्या, कुऱ्हाडी, फावडी, कोळसा ओढायचं एक दाताळं, बस, एवढाच काय तो संसार. मूलबाळ नव्हतं.

त्या वर्षी पावसानं अशी दडी मारली की झाडंही चिडीचूप झाली. पान हलायचं नाही. झरा आटत आटत बोटाएवढा उरला. भट्टीला पाणी कशाला, असं बाहेरच्या माणसाला वाटतं; पण तडा गेला की तो ओल्या चिखलानं बुजवायचा असतो, आणि पाणीच नसलं तर चिखल कुठून आणणार? घुम्या सकाळी झऱ्याशी बसून वाटीवाटीनं हंडा भरायचा. ठिणगी भट्टीवर चढून अनवाणी पायांनी माती चाचपायची. जिथं तळव्याला चटका बसला तिथं मूठभर चिखल थापायचा, आणि तोही जपून, जसं काही तूपच वाढतेय.

दोघांनाही एचआयव्ही होता. तिचा पहिला नवरा खंगून खंगून गेलेला, आणि घुम्या लग्नाआधी दहा ठिकाणचं पाणी प्यायलेला, त्यामुळं कुणाकडून कुणाला आलं हे कळायला मार्ग नव्हता. तपासणीत निघालं तेव्हा दोघं कडाकडा भांडले, भांडी आपटून झाली, एकमेकांच्या खानदानाचा उद्धार झाला. शेवटी एका संध्याकाळी घुम्या म्हणाला, "तू मला दिलं का मी तुला दिलं, हे कळून कोळसा जास्त निघणार आहे का?" ठिणगीला हसूच फुटलं. तेव्हापासून तो विषय बंद झाला तो कायमचा.

गोळी रोज घ्यायची, ती दोघं घेत होते, आणि तब्येती ठणठणीत होत्या. त्रास होता तो लोकांचा. गाठोड्यातली बाटली चालताना खुळखुळायची. ठिणगी तिच्यात चिंधी कोंबायची, तरी कोळशाचं काम बघणाऱ्या मुकादमाला ऐकू गेलंच. तो काही वाईट बोलला नाही, पण दुसऱ्या दिवसापासून गाडी भरणाऱ्या सगळ्या मजुरांना स्टीलच्या पेल्यातून चहा, आणि या दोघांसाठी कान तुटलेले दोन कप झाडाला टांगलेले. चहा ओतताना तो किटली इतकी उंच धरायचा की निम्मा चहा हातावर यायचा. घुम्या हात चाटायचा. ठिणगीच्या डोक्यात मात्र आग व्हायची.

"त्याच्या पेल्यात एकदा थुंकणार आहे मी," ती म्हणायची.

"थुंक की," घुम्या म्हणायचा. "थुंकीनं काही होत नाही, सिस्टरनं सांगितलंय."

नव्या औषधाची बातमी आणली ती ह्या सिस्टरनंच. दर महिन्याला ती छोट्या दवाखान्यात गोळ्या द्यायची. एकदा बाटली पुढं सरकवून ती म्हणाली, "मोठ्या दवाखान्यात एक चाचणी चाललीय. दोन महिन्यांतून एक सुई. खरी उतरली तर पुढं रोजची गोळी सुटेल. तुमच्यासारखी माणसं शोधतायत, ज्यांच्या रक्तात विषाणू दबलेला आहे अशी. जबरदस्ती काही नाही हं. मधेच सोडून आलात तरी तुमचं इथलं औषध कुणी बंद करणार नाही."

"उंदीर करायचेत आपल्याला," बाहेर आल्यावर घुम्या म्हणाला.

"उंदराला विचारत नाहीत. हिनं विचारलं तरी."

सबंध वाटेत ठिणगीच्या डोळ्यांपुढं एकच चित्र होतं. गाठोडं पाठीला आहे, ती चालतेय, आणि काहीच खुळखुळत नाही.

मोठ्या दवाखान्यातला बोळ लांबच लांब, दोन्ही बाजूंना सारखीच दारं. बाकावर माणसं बसलेली, प्रत्येकजण समोरच्या भिंतीकडं बघत. कुणी खोकलं तरी मान वळत नव्हती. डॉक्टरीण मात्र बरी निघाली. वयानं लहान, केस अर्धे पांढरे. रक्त घेतलं, नाना प्रश्न विचारले, आणि मग तिनं समजावून सांगितलं. गट दोन. सुई दोघांनाही, गोळीही दोघांनाही. एका गटाला औषध सुईतून मिळणार, त्यांची गोळी नुसती दिसायला गोळी. दुसऱ्या गटाला औषध गोळीतून, त्यांची सुई नुसती टोचायला सुई.

"औषधाशिवाय कुणीच राहत नाही," ती म्हणाली. "पण तुमचं औषध कशात आहे ते तुम्हाला कळणार नाही. म्हणून सुई चुकवायची नाही आणि गोळीही चुकवायची नाही. आणि याची बाटली याची, तुझी बाटली तुझी. कळलं?"

"आणि तुम्हाला कळणार ना?" ठिणगीनं विचारलं.

"मलाही नाही. सुई टोचणाऱ्या बाईलाही नाही."

"अगं बाई! मग कळणार तरी कुणाला?"

"दूर एका ऑफिसात संगणकात आहे ते. चाचणी संपली की उघडतील."

घुम्या हळूच म्हणाला, "म्हणजे कुणीतरी जाणता आहे."

डॉक्टरीण हसली. "आहे असं समजा."

सुई टोचून घेऊन, आकडे लिहिलेली एकेक बाटली घेऊन घरी येताना गाडीत त्यांनी ह्या जाणत्याची यथेच्छ टिंगल केली. ठिणगी म्हणाली, तो टकला असणार. घुम्या म्हणाला, त्याला बायको नसणार, नाहीतर एव्हाना त्यानं बकून टाकलं असतं. पण खोपीत दिवा लावल्यावर दोन सारख्या बाटल्या समोर ठेवल्या, आणि दोघांचंही हसू विरलं.

"एकीत खरं, एकीत खोटं, असंही असेल," ठिणगी म्हणाली.

"असेल."

"तुझ्यात खोटं असलं तर?"

"तुझ्यात असलं तर?"

सुईची आठवण दोघांनाही झाली नाही. झाली असती तरी उपयोग नव्हता. पाठीमागं टोचलेलं काही दिसत नाही. तळहातावर घेतलेली गोळी दिसते. आणि कोळसेवाल्याची एक जन्माची खोड असते. लाकूड रचताना तो ओलं नि सुकं मिसळूनच रचतो. सगळं ओलं एका भट्टीत पडलं तर ती विझते, सगळं सुकं दुसरीत पडलं तर ती भडकते. मिसळलं की दोन्ही भट्ट्या तरतात. हे इतकं हाडीमाशी खिळलेलं की त्यावर विचारही करावा लागला नाही. ठिणगीनं पिठाचा रिकामा डबा ओढला, दोन्ही बाटल्या त्यात ओतल्या, डबा हलवला आणि गोळ्या पुन्हा दोन बाटल्यांत भरल्या. घुम्यानं झाकणं लावली. आता जे काय होईल ते दोघांचं सारखं. त्या रात्री दोघांना गाढ झोप लागली.

सकाळी घुम्यानं तसाच फुटका तिसरा कप कुठून तरी आणला. पहिल्या भट्टीच्या पलीकडं एक बसका दगड होता, त्यावर तो चहा भरून ठेवला.

"हे कुणाला?"

"जाणत्याला. सगळं त्याच्या हातात. खूश ठेवलेला बरा."

"आगाऊ मेला," ठिणगी म्हणाली, आणि हसत हसत कामाला लागली. दुपारी ती दाताळं न्यायला त्या बाजूला गेली तर कप रिकामा होता.

"कुत्रं प्यायलं असेल," ती म्हणाली.

घुम्यानं फावडं थांबवलं. "आपल्याकडं कुत्रं कुठं आहे?"

मग उन्हानं आटला असेल, असं ठरलं. कप मात्र रोज ठेवला जाऊ लागला, आणि रोज रिकामा होऊ लागला. एकदा सुरू केलेलं बंद करायला दोघांचंही मन धजेना.

दिवस तापत गेले. वारा असा नव्हताच. भट्टीचा धूर वर न जाता मातीवरून घसरत खाली उतरायचा आणि दगडाच्या दिशेनं जायचा. एकदा भर उन्हात ठिणगी कपाळाचा घाम पुसत बघत उभी राहिली, आणि तिच्या अंगावर सरसरून काटा आला. धूर दगडावरून सरळ जात नव्हता. बसलेल्या माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर तो दुभंगायचा, दोन्ही बाजूंनी वळसा घ्यायचा आणि पलीकडं पुन्हा एक व्हायचा. मधली जागा रिकामी होती. स्वच्छ रिकामी. ठिणगीनं ढेकूळ उचलून फेकलं. ते धुरात गेलं, पण पडल्याचा आवाज काही आला नाही.

भट्टीचा धूर डोक्यात चढला की माणसाला नाही नाही ते दिसतं, हे तिला माहीत होतं. तिच्या चुलत्यानं तर एकदा भट्टीवर उभं राहून मेलेल्या आईशी गप्पा मारल्या होत्या. ती झऱ्याशी जाऊन बसली, तोंडावर पाणी मारलं, आणि घुम्याला काही सांगितलं नाही.

तर घुम्याच एक दिवस म्हणाला, "आत कुणीतरी खोकतंय."

"कुठं आत?"

त्यानं भट्टीकडं बोट केलं. ठिणगी म्हणाली, लाकूड तडकत असेल. पण तिनंही मातीला कान लावला. आतून ऐकू आलं. दोन आखूड, एक लांब. मग गप्प. मग परत दोन आखूड, एक लांब. घुम्या तिच्या शेजारीच उभा होता, ओठ मिटून.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तो खोकला घुम्याच्या छातीत आला. तसाच्या तसा.

मोठ्या दवाखान्यात सुईच्या वेळी रक्त तपासलं. डॉक्टरिणीनं कागद दोनदा वाचला. ठिणगीचं रक्त अगदी साफ होतं. घुम्याच्या रक्तात विषाणू थोडा वर आला होता.

"गोळी चुकली का?"

"नाही."

"एखादा दिवसही?"

"एकही नाही," घुम्या म्हणाला, आणि ते खरंच होतं.

"बाटल्या अदलाबदल नाही ना झाल्या?" तिनं ठिणगीकडं बघितलं.

खरं सांगावं, तर हाकलून देतील, ठिणगीला वाटलं; आपणहून सोडणं वेगळं, लबाडी करून हाकललं जाणं वेगळं. घुम्याचं औषध जाईल, आणि डब्यातून निम्मी का होईना खरी गोळी त्याच्या पोटात जात होती तीही जाईल. "नाही हो," ती म्हणाली. "बाटल्यांवर आकडे आहेत की. आम्ही काय आंधळे आहोत?"

डॉक्टरिणीनं परत तपासायला लवकरच बोलावलं आणि नव्या बाटल्या दिल्या. गाडीत घुम्या खिडकीला डोकं टेकून झोपला. त्याच्या मानेची हाडं ठिणगीला कधी नव्हे ती दिसली. ती मनाशी जोडत बसली. माझं रक्त साफ. त्याचं बिघडलं. म्हणजे माझीच बाटली खरी, त्याची खोटी. निम्मं खरं खाऊन माझं भागलं, कारण बाई चिवट असते. त्याला निम्म्यानं भागत नाहीये. हिशेब कुठं लंगडतोय ते न बघताच हे तिला इतकं लख्ख पटलं की वाटलं, आत्ता उठून मोठ्यानं सांगावं.

पण सांगितलं असतं तर घुम्यानं ऐकलं नसतं. म्हणून घरी आल्यावर तो झऱ्याकडं गेलेला असताना तिनं ह्या वेळी डबा काढलाच नाही. तिनं सरळ बाटल्या बदलल्या. आपल्या बाटलीतल्या सगळ्या गोळ्या त्याच्या बाटलीत, त्याच्या सगळ्या आपल्या बाटलीत. त्याला खरं, आपल्याला खोटं. आपण ह्यानं मरणार हे तिला स्वच्छ कळत होतं, आणि खोटं कशाला बोला, तिला भीतीही वाटत होती. पण त्याच्याशिवाय ह्या दोन भट्ट्यांमध्ये एकटं राहण्याची भीती त्याहून मोठी होती. झाकण लावून तिनं मान वर केली. पत्र्याच्या फटीतून समोर दगड दिसत होता. धूर त्याला वळसा घालून चालला होता. ह्या वेळी मात्र तिला वाटलं, बसलेल्याचं तोंड इकडं वळलंय.

"बघ," ती पुटपुटली. "बघ आणि गप्प बस."

त्यानंतर घुम्या उतारावरून दगड घरंगळावा तसा खाली गेला. तोंडात पांढरं आलं, घास उतरेना. कुऱ्हाड उचलली की हात लटलटायचा. दवाखान्यात परत तपासायला जायचं होतं, ते ह्या भट्टीचा कोळसा निघेपर्यंत म्हणून पुढं ढकललं गेलं. ठिणगी समोर उभी राहून त्याला गोळी गिळायला लावायची, पाणी पाजायची, वर तोंड उघडून बघायची. "माझ्या आईनं एवढं केलं नसतं," तो म्हणायचा. आणि ती स्वतः? तिला काहीच होत नव्हतं. खोट्या गोळ्या खाऊन ती धडधाकट होती. मुकादम एकदा म्हणालादेखील, "तू तर बाळसं धरलंस की गं." ते ऐकून तिला शिवीहून जास्त लागलं. रोज सकाळी ती आपलं मनगट चाचपायची, कुठं हाड वर आलंय का बघायची. ते वर येत नव्हतं.

आणि मग तो दिवस आला. पहिल्या भट्टीचा धूर निळा पडायला आला होता, म्हणजे आत कोळसा तयार होत होता. माथ्यावर तडा गेला. ठिणगी चिखल आणायला वळली, तेवढ्यात घुम्या फावडं घेऊन वर चढला. वर गेल्यावर त्याला खोकल्याची उबळ आली. दोन आखूड, एक लांब. तो वाकला, आणि त्याचा पाय मातीतून आत गेला.

ती कशी धावली, कसं त्याला बगलेत धरून ओढलं, ते तिला पुढं कधीच नीट आठवलं नाही. त्याची पोटरी भाजली होती. अंगाला काही वजनच नव्हतं. ओल्या लाकडाची मोळी यापेक्षा जड लागते. आठवलं ते एवढंच, की त्याला ओढताना तिची पाठ धुराकडं झाली होती, आणि मागून कुणीतरी, अगदी मानेशी, शांतपणे श्वास घेत होतं.

भट्टीत वारा शिरला. तिनं मागं वळूनही बघितलं नाही. कोळशाची गाडी भरत होती, तिच्यात गोण्यांवर त्याला घातलं. मुकादम मधे आला. "भट्टी जळतेय, तिचं काय?"

"तुझ्या स्टीलच्या पेल्यानं विझव," ठिणगी म्हणाली.

मोठ्या दवाखान्यात त्याला आत नेलं, आणि ती डॉक्टरिणीसमोर बसली. काही विचारायच्या आत तिनं सगळं सांगून टाकलं. डबा, मिसळलेल्या गोळ्या, मग बदललेल्या बाटल्या. "मी त्याला माझ्या खऱ्या दिल्या, तरी तो का जातोय?" ती म्हणाली. "मला हाकला, काहीही करा, पण ते उघडा. कुणाला तरी माहीत आहे ना? त्याला विचारा."

डॉक्टरीण ओरडली नाही. खुर्ची सरकवून ती उठली, फोनपाशी गेली, एक आकडा सांगितला, थांबली. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा येत होता. ठिणगीला वाटलं, पलीकडं तो फोन उचलतोय, दगडावर बसलेला.

डॉक्टरीण परत आली. "फक्त त्याचं उघडलंय. औषध त्याच्या गोळीत होतं."

"गोळीत?"

"सुईत नव्हतं. आता त्याला दुसरी औषधं चालू करतो. जुनं लागू पडेलच असं नाही, तपासावं लागेल. वेळ जाईल, पण माणूस हातचा गेलेला नाही." ती पुन्हा खुर्चीत बसली. "ज्याची बाटली त्यानंच घ्यायची, हे मी तेव्हाच तुमच्याकडून पुन्हा म्हणवून घ्यायला हवं होतं. तुझं मात्र उघडत नाही. तुझं रक्त साफ आहे."

उघडायची गरजही नव्हती. ठिणगीनं मनाशी जोडलं. त्याच्या गोळ्या खऱ्या होत्या. त्या तिनं खाल्ल्या. तिच्या गोळ्या खाऊन तो खचला, म्हणजे तिच्या फोल होत्या. तिचं औषध सुईत होतं, पहिल्यापासून. तिला गोळीची गरजच नव्हती. समोर उभं राहून, तोंड उघडून बघून, रोज तिनं त्याला रिकामं गिळायला लावलं होतं.

घुम्या बरा व्हायला फार दिवस लागले. नवी औषधं कडक होती, सुरुवातीला ओकला, मग हळूहळू घास उतरायला लागला. डॉक्टरिणीनं त्याला सांगितलं ते इतकंच, की गोळ्या मिसळल्यामुळं असं झालं. बाटल्यांच्या अदलाबदलीचं सांगायचं तिनं ठिणगीवर सोडलं. ठिणगीनं सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, जरा अंगात बळ येऊ दे. एवढी तोंडाळ बाई, पण तिच्या तोंडाला कुलूप लागलं. घुम्याच आता बोलायचा, आणि ती घुमी झाली होती.

परत आले तेव्हा पहिल्या भट्टीच्या जागी राखेचा ढीग होता. दोघांनी मिळून नवी रचली, तो बसून सांगायचा आणि ती रचायची. ओलं, सुकं, ओलं, सुकं. पेटवली. पांढरा धूर निघाला, घसरत खाली आला. घुम्या खोपीच्या दाराशी घोंगडं पांघरून बसला होता. ठिणगी पलीकडच्या बाजूनं माती थापत थापत गेली, आणि पाय भरून आले म्हणून टेकली. कुठं टेकली ते बसल्यावर तिच्या लक्षात आलं.

धूर तिच्याकडं आला. खांद्यापाशी दुभंगला, दोन्ही बाजूंनी वळसा घेऊन पाठीमागं एक झाला. तिला ठसकाही लागला नाही. इथून खोपी स्पष्ट दिसत होती, पत्र्याची फटही, आणि दारातला तो वाळलेला माणूसही. इतके दिवस इथून हेच दिसत असणार. एवढं सगळं ठाऊक असून नुसतं बघत बसायचं, आणि बोलायचं काही नाही.

"कोण बसलंय तिकडं?" धुरातून घुम्याचा आवाज आला. आवाज घाबरलेला होता.

तिनं दगडाची कड घट्ट धरली.

"कोण आहे?"

"मी आहे," ती म्हणाली.

"तिथं कशाला बसलीस? त्याची जागा आहे ती. ऊठ."

"तो नाही आता. आता मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

तिनं सांगितलं. धूर मधे होता म्हणून सांगता आलं, तोंड दिसत असतं तर जमलं नसतं. बाटल्या बदलल्या ते सांगितलं, का बदलल्या ते सांगितलं. तुझ्या खऱ्या मी खाल्ल्या आणि माझ्या फोल तुला घातल्या, असं अगदी ह्या शब्दांत सांगितलं. पलीकडून खोकला ऐकू आला, दोन आखूड, एक लांब. तो घुम्याचा होता की भट्टीच्या पोटातला, हे तिला ओळखता येईना, आणि ती रडायला लागली.

"म्हणजे तू मरायला निघाली होतीस," घुम्या म्हणाला.

"हो."

"मला न विचारता."

"तू ऐकलं असतंस का?"

"नसतं ऐकलं." मग आवाज आला, थकलेला, पण त्याचाच. "सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात. आपल्याकडं ओल्यानं सुकं विझवलं. येडी कुठली."

"शिव्या घाल. मार मला."

"आणि मग? तू केलं का मी केलं, हे कळून कोळसा जास्त निघणार आहे का?"

ती रडता रडता हसली, आणि हसू आल्याचीच तिला लाज वाटली.

"ये इकडं," तो म्हणाला. "गोळीची वेळ झालीय. माझी मी घेतो. तू नुसती बस."

ती उठली. उठताना हाताला कप लागला. तिसरा कप, दगडाच्या कडेला तसाच होता, दवाखान्यात जाण्याआधीपासून. तिनं तो उचलला. परत आल्यापासून दोघांपैकी कुणी त्यात काही ओतलं नव्हतं. कप गरम होता, आणि तळाशी घोटभर चहा उरला होता.

तिनं तो मातीवर ओतला, कप दगडावर उपडा घातला, आणि धुराला पाठ न दाखवता मागं मागं पावलं टाकत घुम्याकडं गेली.